तसबीर आणि हंडा

तानशाचें पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाडे मात्र उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. तरीही ठाणे जिल्ह्यांत निवडणूक आली कीं, पाण्याच्या प्रश्नाआधीं पुढें येते ती कै. आनंद दिघे यांची तसबीर!

दिघे २६ ऑगस्ट २००१ रोजीं वारले. टेंभी नाक्यावर गोरगरिबांस त्यांचें दार सदैव उघडें असे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कायद्याहून दरबार श्रेष्ठ, ही समजूतही तेथेंच रुजली; आणि त्यांच्या मृत्यूनंतर अनुयायांनीं रुग्णालय पेटविलें, हेंही विसरतां येत नाहीं.

२०२२ सालीं शिवसेना दुभंगली आणि दोन्ही गट दिघ्यांचा वारसा सांगूं लागले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं निवडणूक आयोगानें पक्षाचें नांव व धनुष्यबाण हें चिन्ह शिंदे गटास दिलें. तसबिरीचा निवाडा मात्र कोण करणार? दिवंगत पुढाऱ्याची हीच मोठी सोय आहे : तो कोणाकडे हिशेब मागत नाहीं.

निष्ठा हा सद्गुण खरा. पण हयात पुढाऱ्यांस जाब न विचारण्याचें ती निमित्त झाली, तर तिला आम्ही आळस म्हणूं. मतदारानें तसबिरीस हार खुशाल घालावा. मत देतांना मात्र घरचा रिकामा हंडा आठवावा.