पांढऱ्या पिठाचा भाव आतडे भरते

सेवाग्रामच्या परिसरात एके काळी ज्वारी नाण्यासारखी चालली आहे. १९८०च्या सुमारास तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी उपचाराची योजना काढली, तेव्हा शेतकरी-मजुरांची कुटुंबे सुगीला ज्वारी मोजून आपली वर्गणी भरत. आम्ही व्यापारी माणसे, असा सौदा आम्हाला चटकन समजतो. पण तीच ज्वारी भाकरी होऊन पोटात गेली तर आतड्याचाही थोडाफार विमा उतरतो, हे आमच्या बाजारपेठेत फारसे कोणी बोलत नाही.

मोठ्या आतड्याचा कर्करोग आपल्या देशात तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगापेक्षा बराच कमी आहे. युरोप-अमेरिकेत तो फार. असे का, याचा विचार युगांडात अनेक वर्षे शस्त्रक्रिया केलेले डेनिस बर्किट या डॉक्टरांनी केला. १९७१ साली त्यांनी मांडले की आफ्रिकेतला खेडूत कोंड्यासकट धान्य खातो, म्हणून त्याचे पोट लवकर आणि भरपूर साफ होते. पांढरे, चाळलेले अन्न खाणाऱ्याच्या आतड्यात घाण रेंगाळते. पुढे आणखी एक गोष्ट कळली. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून जे आम्ल तयार होते त्यावर आतड्याचे अस्तर पोसले जाते.

सर्व अभ्यास एकाच सुरात बोलले असे नाही. १९९९ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत चोथ्याचा फायदा दिसला नाही. २००३ साली युरोपातील दहा देशांच्या पाहणीत तो स्पष्ट दिसला. २०११ साली अशा बऱ्याच पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रोज १० ग्रॅम जास्त चोथ्यामागे धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी आढळला, आणि अख्ख्या धान्याचा फायदा विशेष ठळक होता. दहा टक्के म्हणजे तावीज नव्हे. पण दहा टक्के नफ्याला आमच्यातला कोणता दुकानदार नाही म्हणतो?

वर्ध्यात ही चर्चा बर्किटच्याही आधीची आहे. १९३४च्या डिसेंबरात इथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी हातजात्याचे पीठ आणि हातसडीचा तांदूळ यांचा आग्रह धरीत होते. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेही कोंडा न काढलेल्या पिठाच्याच बाजूचे. त्यांच्यासमोर कर्करोग नव्हता. खेड्यातल्या माणसाचे पोषण आणि त्याच्या हाताचे काम होते. गिरणीने दोन्ही हिरावले, ही त्यांची तक्रार.

कापडवाल्याला यात नवल वाटू नये. कोऱ्या कापडाला ब्लीच मारून, खळ देऊन चकाकी आणली की गिऱ्हाईक खूश, मग दोन धुण्यांत पोत उघडा पडला तरी चालेल. मैद्याचे तसेच. कोंडा आणि अंकुर काढले की पीठ पांढरे होते आणि जास्त दिवस टिकते, कारण खवट होणारे तेल अंकुरात असते. दुकानदाराची सोय झाली. कोंडा मात्र ढोरांच्या पेंडीत गेला. शंभर ग्रॅम आट्यात सुमारे ११ ग्रॅम चोथा, ज्वारीत १०, मैद्यात तीनसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला रोज निदान २५ ग्रॅम सांगते. सकाळी पाव-खारी, दुपारी नान, संध्याकाळी नानकटाई असा दिवस गेला तर हा हिशेब कसा जुळायचा?

बेकरीचा धंदा आपल्यातल्या अनेकांच्या हातात आहे, म्हणून हे त्यांनाच सांगतो. ब्राऊन ब्रेड म्हणून विकला जाणारा माल पुष्कळदा रंग दिलेला मैदाच असतो. पुडक्यावर पहिले नाव कोणत्या पिठाचे आहे ते वाचावे. अर्ध्या आट्याचा पाव खरेपणाने काढणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल असा आमचा अंदाज आहे. चक्कीवाल्यांनीही पीठ फार बारीक करून चाळून देऊ नये.

गोश्ताबद्दल लपवाछपवी नको. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि तांबडे मांस बहुधा तसेच असावे असे म्हटले. म्हणून दस्तरखान ओस पाडायला नको. प्रमाण आवरावे. आपला खिचडा, त्यातला अख्खा गहू आणि डाळी, किंवा भरपूर डाळीचा दालचा, ही मैद्याच्या नानपेक्षा कितीतरी शहाणी सोबत आहे. चोथा हळूहळू वाढवावा आणि पाणी पुरेसे प्यावे, नाहीतर पोट उलटे फुगते.

दिवसभर गादीवर, मागावर, शिलाई मशीनवर बसून काम करणाऱ्यांना हा धोका अधिकच, कारण हालचाल कमी. आणि आमच्यात एक घातक रीत आहे: शौचातून रक्त पडले की मूळव्याध म्हणून पुडी आणायची आणि गप्प बसायचे. लाज आड येते, दुकान बंद ठेवायचे जिवावर येते. रक्त, बदललेली शौचाची सवय, उगाच घटलेले वजन, वाढता अशक्तपणा, यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, गरज पडल्यास दुर्बिणीने आतडे पाहून घ्यावे. मूळव्याधच निघाली तर एका दिवसाची विक्री बुडेल, एवढेच.