तीरकामठा त्याचा, मग रान कुणाचं?

दरवर्षी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन साजरा होतो. आपल्या पालघर जिल्ह्यात ठिकठिकाणी मिरवणुका निघतात. पुढे तारपा, मागे नाच आणि तरुण मुलांच्या खांद्यावर तीरकामठा. तीरकामठा ही आदिवासींची ओळख आहे, असं भाषणात सांगितलं जातं. टाळ्या पडतात, त्यात आपल्याही असतात. ज्या समाजाला जमीनदार, सावकार आणि जंगलखात्याने पिढ्यान्‌पिढ्या वाकवलं, त्याने ताठ उभं राहून आपलं हत्यार मिरवावं, यात चूक काहीच नाही. पण मैत्रिणींनो, एक प्रश्न आपण विचारायला हवा. जे हत्यार समाजातल्या अर्ध्या माणसांच्या हातात क्वचितच दिसतं, ते सगळ्या समाजाची ओळख कसं होतं?

हा प्रश्न नुसत्या मिरवणुकीचा असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. प्रश्न हक्काचा आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि त्याचं मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आलं. वनहक्काच्या दाव्यांवर निर्णय घेणारी जिल्हास्तरीय समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली इथंच बसते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांवरची माणसं दोन-दोन एसट्या बदलून इथं येतात. त्यांच्यात बायका असतात, पण बोलायची वेळ आली की पुरुष पुढे होतो. रानाची माहिती त्यालाच, असं साहेबही धरून चालतात आणि आपले कार्यकर्तेही. ही समजूत आली कुठून? तिचं मूळ शिकारीच्या गोष्टीत आहे. पुरुष रानात जातो, जीव धोक्यात घालतो, घरासाठी मांस आणतो. म्हणून रान त्याचं. बाई चुलीपाशी वाट बघते, म्हणून घर तिचं. घरही तिच्या नावावर नसतं, ही गोष्ट वेगळी.

आधी शिकार म्हणजे नेमकं काय ते पाहू. बांबूच्या धनुष्याचा बाण बंदुकीच्या गोळीसारखा लांबवर जात नाही. जनावर पुष्कळ जवळ आल्याशिवाय नेम लागत नाही. ते सहसा आपणहून जवळ येत नाही, त्याच्याजवळ दबकत जावं लागतं किंवा त्याला हाकून आणावं लागतं. म्हणून जगात तीरकामठ्याने मोठ्या जनावराची शिकार झाली, तिथं अनेक ठिकाणी धनुर्धाऱ्याच्या मागे हाका करणारी, जाळी लावणारी, फास मांडणारी, वाट अडवणारी माणसं होती. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात मोठ्या वळणदार शिंगांचे रानमेंढे असतात. तिथल्या शोशोनी लोकांमधल्या ज्या गटांना ‘मेंढीखाऊ’ म्हणत, ते या मेंढ्यांच्या शिंगांपासून धनुष्यं बनवत. पण शिकार एकट्या धनुष्यावर चालत नव्हती. उंच डोंगरात लाकडी ओंडक्यांची निमुळती होत जाणारी कुंपणं घालून ते मेंढ्यांना आत हाकत आणि अडकवून मारत. त्या कुंपणांचे अवशेष आजही सापडतात. लोकांच्या आठवणीत मात्र राहतो तो कड्यावर धनुष्य ताणून उभा असलेला एकटा पुरुष.

आपल्याकडेही तेच. रान उठवणारे, ओरडणारे, मांस कापणारे, वाटे करणारे, शिजवणारे हात मोजले जात नाहीत. गंमत अशी की, रूढी ज्यांना मोजत नाही त्यांना कायदा मात्र मोजतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नीट वाचा. मारणं म्हणजे शिकार आहेच; पण फास लावणं, सापळा लावणं, जनावराला हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच आहे. म्हणजे मान देताना बाई शिकारी नाही, पण गुन्हा नोंदवताना ती शिकारी ठरू शकते. आणि घरातला पुरुष कोठडीत गेला तर जामीनदार शोधायला, वकिलाचे पैसे उभे करायला, त्यासाठी वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यायला कोण धावतं? शिकारीची किंमत तीच मोजते. शिकारीच्या गोष्टीत मात्र ती कुठेच नसते.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला मानवशास्त्राची तोंडओळख करून दिली होती. त्यात ‘शिकारी पुरुष’ हा सिद्धांत होता. १९६६ साली शिकागोत याच नावाची मोठी परिषद झाली आणि १९६८ साली तिचं पुस्तक निघालं. माणसाची बुद्धी, हत्यारं, सहकार्य, सगळं शिकारीतून आलं आणि शिकार पुरुषाने केली, असा विचार त्या काळात पक्का झाला. पण त्याच परिषदेत कलाहारीच्या सान लोकांबद्दल जी माहिती मांडली गेली, ती काय सांगत होती? त्यांच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा निम्म्याहून बराच जास्त भाग कंदमुळं, फळं आणि बियांचा होता आणि तो मुख्यतः बायका गोळा करत होत्या. आकडे समोर होते, तरी शीर्षक शिकारी पुरुषाचंच राहिलं. सॅली स्लोकम या अभ्यासक बाईने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर बोट ठेवलं. तिचं म्हणणं साधं होतं: निम्मी माणसं काय करत होती ते न विचारता माणसाचा इतिहास लिहिता येत नाही.

मग पुढे आणखी पुरावे आले. फिलिपीन्समधल्या आग्ता जमातीच्या बायका तीरकामठा आणि कुत्री घेऊन रानडुक्कर आणि हरणाची शिकार करतात, हे १९८० च्या दशकात सविस्तर नोंदलं गेलं. अंगावर पिणारं मूल असलेल्या बायकाही शिकारीला जात होत्या. पेरू देशात अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. सोबत मोठ्या जनावराच्या शिकारीची दगडी पाती आणि कातडं कमवायची हत्यारं होती. हा कुणी मोठा शिकारी असणार, असं खोदणाऱ्यांना वाटलं. तपासणीत निघालं की ती १७ ते १९ वर्षांची मुलगी होती. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. आपल्या देशातही झारखंडच्या उरांव बायका दर १२ वर्षांनी ‘जनी शिकार’ करतात. पुरुषांचा वेष करून, तीरकामठे आणि कुऱ्हाडी घेऊन गावोगाव जातात. रोहतासगडावर शत्रू चालून आला तेव्हा बायकांनीच पुरुषवेषात लढाई दिली, याची ती आठवण आहे.

बाईच्या हाताला धनुष्य पेलत नाही, असं म्हणणाऱ्यांना तर फार लांब जायला नको. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली.

पण इथं आपण सावध राहायला हवं. २०२३ साली एका अभ्यासगटाने ६३ समाजांच्या नोंदी तपासून ५० समाजांत बायका शिकार करत होत्या असं मांडलं. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी त्या मोजणीवर गंभीर आक्षेप घेतले. बायका कुठे कुठे शिकार करत होत्या यात वाद नाही, पण मोठ्या जनावरांची शिकार बहुतेक ठिकाणी पुरुषच जास्त करत होते, असं त्यांचं म्हणणं आहे. हा वाद अभ्यासकांना घालू द्या. आपला हक्क त्याच्या निकालावर टांगून ठेवायचं आपल्याला कारण नाही. ‘आम्हीही शिकार करत होतो, म्हणून आम्हालाही मान द्या’ असं म्हटलं की मान मिळवण्याचं माप तेच राहतं. जी मारते ती मोठी आणि जी कंद खणते ती लहान. आपल्याला ते मापच नको आहे.

माप बदलता येतं, कारण ते माणसांनीच ठरवलेलं असतं. त्याच सान लोकांत मांसाची वाटणी करण्याचा अधिकार नेम मारणाऱ्याचा नसतो. जो बाण लागला त्याच्या मालकाचा असतो. बाण एकमेकांना दिले-घेतले जातात आणि बाईच्याही मालकीचा बाण असू शकतो. नेम धरणाऱ्याने फार फुगू नये, याची सोय त्या समाजाने करून ठेवली. उलट अनेक शिकारी समाजांत पाळी आलेल्या बाईने हत्याराला हात लावायचा नाही, असाही नियम सापडतो. दोन्ही नियम माणसांचेच. कुठला ठेवायचा आणि कुठला मोडायचा, हेही माणसांनीच ठरवायचं.

आता आपल्या रानाकडे वळू. आज पालघर जिल्ह्यात कुणाचं घर शिकारीवर चालतं? रान कमी झालं, जनावर कमी झालं आणि शिकार हा गुन्हा झाला. पण पहिला पाऊस पडला की शेवळं निघतात, पाठोपाठ कंटोळी, टाकळा, कुरडू. शेतात मुठे, ओहोळात मासे, पुढे करांदे, उन्हाळ्यात मोहाची फुलं. हे शोधायचं कुठे, खाजरं कुठलं आणि घसा खवखवणारं कुठलं, किती काढायचं आणि पुढच्या वर्षासाठी किती ठेवायचं, हे बायकांना माहीत असतं. पालघर, बोईसर, मनोरच्या बाजारात पाटी घेऊन बसतात त्याही बायकाच. याला कुणी शिकार म्हणत नाही, पराक्रम म्हणत नाही, कामसुद्धा म्हणत नाही. ‘रानात गेली होती’ एवढंच म्हणतात.

आणि कायदा काय म्हणतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. गौण वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं, तसंच पाण्यातले मासे आणि इतर उपज घेणं, हे हक्क मात्र मान्य केले आहेत. म्हणजे ज्या कामाची पुरुष फुशारकी मारतात ते कायद्याने बाहेर ठेवलं, आणि जे काम बायका मुकाट्याने करतात तो हक्क म्हणून आत घेतलं. तरीही सामूहिक दाव्याचा नकाशा काढताना रानात कोण जातं? पुरुष. ग्रामसभेत कोण बोलतं? पुरुष. नकाशावर डोंगर, नाला, हद्द येते. शेवळांची उतरण, मुठ्यांचा ओहोळ, करांद्यांची जागा येत नाही. जे नकाशावर नाही ते उद्या मागता येत नाही.

आपले काही साथी म्हणतील, आधी जंगल तर मिळू द्या, बाईचा प्रश्न मग बघू. हे आपण प्रत्येक चळवळीत ऐकलं आहे. पण इथं बाईचा प्रश्न आणि जंगलाचा प्रश्न वेगळा काढताच येत नाही. बायकांची माहिती वगळून मांडलेला दावा हा अर्धा दावा आहे आणि अर्धा दावा फेटाळणं सोपं असतं.

काही जण म्हणतील, मग शिकारीचा हक्कच परत मागा. माझं मत तसं नाही. उरलेसुरले ससे आणि भेकरं मारून कुणाचं पोट भरणार नाही. पण अन्याय झाला नाही असंही नाही. अमेरिकेत त्याच शिंगवाल्या मेंढ्यांची शिकार आज परवाना काढून होते. हौस म्हणून जुन्या पद्धतीचं साधं धनुष्य घेऊन डोंगर चढणारेही आहेत. २०१३ साली माँटाना राज्यात एका मेंढ्याचा परवाना लिलावात ४,८०,००० डॉलरला गेला. तो पैसा मेंढ्यांच्या संवर्धनाला जातो, हे खरं. पण तिथं धनुष्य ही श्रीमंताची हौस आहे आणि इथं ससा मारणाऱ्या कातकऱ्याला तुरुंगाची भीती आहे. हा फरक विसरून निसर्गप्रेमाच्या गप्पा मारता येणार नाहीत. अशा प्रकरणात अडकलेल्या कुटुंबाला, विशेषतः मागे राहिलेल्या बाईला, कायद्याची मदत मिळवून देणं हे आपल्या संघटनांचं काम आहे.

मग करायचं काय? दाव्याचा नकाशा काढताना बायकांचा वेगळा गट रानात फिरवा आणि त्यांनी दाखवलेली प्रत्येक जागा, तिथली उपज आणि तिचा हंगाम लिहून घ्या. वनहक्क समितीत एक-तृतीयांश बायका असाव्या लागतात. दाव्यांवर ठराव करणाऱ्या ग्रामसभेत हजर सभासदांपैकी एक-तृतीयांश बायका असाव्या लागतात. नुसते अंगठे मोजू नका, त्या बोलल्या का ते विचारा. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा, असं कायदा सांगतो. मिळालेले पट्टे काढून बघा, तिचं नाव खरंच आहे का. एकट्या बाईचं कुटुंब असेल तर पट्टा तिच्या नावे व्हायला हवा, भावाच्या किंवा दिराच्या नव्हे. कोळगावच्या कार्यालयात सुनावणीला जाल तेव्हा शेवळं काढणारीला पुढच्या खुर्चीवर बसवा आणि आधी तिला बोलू द्या.

तीरकामठा मिरवणुकीत खुशाल राहू द्या. मुलींच्या खांद्यावरही येऊ द्या. पण त्याच्या बाजूला कंद खणायची पहार आणि मुठ्यांची टोपलीही तेवढ्याच मानाने चालली पाहिजे, कारण घरात आजही अन्न येतं ते त्यांच्या जोरावर.