कपाळीचा लेख

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध माउली पायरीवर माझी वाट पाहत उभी होती. तिचा थोरला मुलगा दारूच्या नादी लागला असून दोन वर्षे पापनिवेदनास आलेला नाही. "फादर, मी काही बोलले की तो म्हणतो, माझे काय व्हावयाचे ते देवाने आधीच ठरविले आहे. सटवीने लिहिलेले का कोणाला पुसता येते?" मी घाईत होतो, दोन शब्द बोलून वाटेला लागलो. ते उत्तर माझे मलाच पटले नाही.

सटवीवर आपला विश्वास नाही, असे आपण म्हणतो. पण तीच समजूत देवाचे नाव घेऊन बोलू लागली म्हणजे आपल्याला ओळखू येत नाही.

ह्या शंकेने एका संताला जवळजवळ बुडविले होते. १५८६ साली फ्रान्सिस द सेल्स हा एकोणीस वर्षांचा तरुण पॅरिसला येशुसंघीयांच्या विद्यालयात शिकत होता. देवाने काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी अनादिकालापासून नेमून ठेवले आहे, ही कॅल्व्हिनची शिकवण तेव्हा वादाचा विषय झाली होती. आपण दुसऱ्यांपैकी आहो, असे फ्रान्सिसच्या मनाने घेतले. अन्न गोड लागेना, झोप उडाली. सुमारे सहा आठवड्यांनी तो पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला. परलोकी देवावर प्रीती करणे आपल्या वाट्याला नसेल, तर निदान ह्या जन्मी तरी करू, असा त्याने निश्चय केला आणि त्याचे ओझे उतरले. ध्यानात घ्या, आपले नाव कोठे लिहिले आहे हे त्याला कोणी दाखविले नाही.

विद्वानांचेही ह्या प्रश्नावर एकमत झाले नाही. येशुसंघीय मोलिना ह्यांचा ग्रंथ १५८८ साली लिस्बन येथे छापला गेला. कोणता मनुष्य कोणत्या प्रसंगी काय निवडील हे जाणूनच देव कृपा देतो, असे त्यांचे म्हणणे. दोमिनिकन बान्येझ म्हणत, देवाची कृपाच आपल्या इच्छेला हलविते आणि तरीही ती स्वतंत्र राहते. रोममध्ये कित्येक वर्षे सभा भरल्या. अखेर १६०७ साली पोप पाचवे पॉल ह्यांनी दोन्ही पक्षांना आपापले मत बाळगण्याची मुभा दिली व एकमेकांस पाखंडी म्हणण्यास मनाई केली. अंतिम निर्णय आजतागायत झालेला नाही, आणि मला ते शहाणपणाचे वाटते.

जे ठरलेले आहे ते मात्र स्पष्ट आहे. त्रेंतच्या परिषदेने १५४७ साली सांगितले की कृपा आधी देवाकडून येते. परंतु मनुष्य तिला होकार देऊ शकतो, तसाच नकारही. आणि विशेष प्रकटीकरणावाचून कोण निवडलेला आहे हे कोणालाही कळत नाही. मग त्या मुलाला आपण नाशासाठी नेमलेले आहो, हे कोणी सांगितले?

तो शेतकरी आहे. यंदा पीक किती येणार हे देवाला ठाऊक आहे. म्हणून मृग लागल्यावर बियाणे कणगीत ठेवून तो स्वस्थ बसला काय? पहाटेच तिफण घेऊन शेतावर गेला होता, हे मी डोळ्यांनी पाहिले. पेरणीच्या बाबतीत त्याला सटवी आठवत नाही, गुत्त्याच्या वाटेवर मात्र आठवते.

माउलीला मी पुन्हा भेटून हे सांगितले. मुलाला निरोपही धाडला आहे की शनिवारी सायंकाळी पाचपासून मी पापनिवेदनासाठी बसलेला असतो, आणि शेवटचा मनुष्य गेल्यावरही थोडा वेळ थांबतो. अद्याप तो आलेला नाही.