प्रमाणपत्र पदवीत धरा
धार-देवासात आपली घरे पवारांबरोबर आली आणि पुढे लेखणीवर जगली. पदवीचा मान आपल्याकडे मोठा, तो असावाच. पण आज मुलगा बी.एससी. करता करता सुटीच्या दिवशी इंदूर गाठून सिस्कोच्या परीक्षेची तयारी करतो, आणि नेटवर्किंगचा तोच धडा कॉलेजात पुन्हा गिरवतो. फी दोन्हीकडे! हा भुर्दंड कशासाठी?

नियम आडवा येतो म्हणावे तर तसेही नाही. ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमांतून सत्राचे 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्येच दिली. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात 30 तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक आहे, कौशल्यशिक्षणही त्यात बसते. मात्र कंपनीचे प्रमाणपत्र आपोआप चालत नाही. कोणत्या विषयाऐवजी ते धरायचे, हे विद्यापीठाने ठरवावे लागते. घोडे तिथेच पेंड खाते.

पदवीच सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. सीसीएनएची मुदत 3 वर्षांनी संपते, पदवीची नाही.

धारची महाविद्यालये इंदूरच्या विद्यापीठाकडे, देवासची उज्जैनच्या; म्हणजे निवेदने दोन. मागणी एकच: कोणत्या प्रमाणपत्राला किती श्रेयांक, याची यादी प्रवेशापूर्वी लावा. मते मागायला दारी येणाऱ्यांनाही आपण हेच विचारावे.