फासा कोणाचा?

गेल्या दिवाळीत वाशीमला एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. दिवाणखान्यात एक मोठा पिंजरा होता आणि त्यात करड्या अंगाचा, तांबड्या शेपटीचा आफ्रिकन पोपट. पक्षी देखणा होता, बोलकाही होता. मी काही विचारण्याआधीच यजमान म्हणाले, "देशी राघू पाळला तर वनखाते गुन्हा दाखल करते. हा परदेशी आहे. रीतसर विकत घेतलाय, पावती आहे माझ्याकडे."

यजमान सज्जन आहेत आणि पक्ष्यावर त्यांचा जीव आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु घरी परतताना त्या पावतीचा विचार मनातून जाईना. याच जिल्ह्यातल्या माळावर तितर-लावे धरणाऱ्या फासेपारध्याजवळ पावती नसते. त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू होतो, आणि तो व्हावा याविषयी माझे दुमत नाही. प्रश्न असा आहे, की रानातला जीव धरणारा गुन्हेगार ठरत असेल, तर तो धरला जावा म्हणून पैसे मोजणारा केवळ 'प्राणिप्रेमी' कसा ठरतो?

या व्यवहाराच्या समर्थनार्थ सहसा तीन युक्तिवाद केले जातात. ते क्रमाने तपासू.

पहिला युक्तिवाद असा, की हे जीव पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, रानातून आणलेले नसतात. काही बाबतीत हे खरे आहे. माझ्या स्नेह्यांचा पोपटही कदाचित भारतातल्याच एखाद्या पक्षिपालकाकडे जन्मला असेल. पण ही खात्री करून देतो कोण? ज्याला माल विकायचा आहे, तोच. आफ्रिकन करडा पोपट मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतला. तिथे फांद्यांना चिकट द्रव्य लावून, आमिषाला दुसरा पोपट बांधून त्याला धरतात. घाना देशात 1990 च्या दशकापासून या पक्ष्यांची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. अखेर 2016 मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला पहिल्या परिशिष्टात घातले आणि रानातून धरलेल्या पोपटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. आता हौशी लोकांच्या आवडत्या 'बॉल पायथन' या अजगराचे पाहा. टोगो, बेनिन, घाना या देशांत गाभण माद्या रानातून धरतात, त्यांची अंडी उबवतात आणि पिल्ले 'संगोपन केंद्रातली' म्हणून परदेशी पाठवतात. कागदावर यात खोटे काही नसते. आई मात्र रानातलीच असते. गिबनसारख्या वानराचे पिल्लू मिळवायचे, तर बहुधा आधी आईला मारावे लागते, कारण ती पिल्लाला सोडत नाही. बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानात अजगर, कासवे, गिबन सापडल्याच्या बातम्या गेली काही वर्षे आपण वाचतो आहोत. हे सामान कोणाच्या तरी मागणीवरूनच निघालेले असते.

दुसरा युक्तिवाद दयेचा आहे. "दुकानात त्याचे हाल होत होते, म्हणून मी सोडवून आणला." ही भावना खोटी नाही. परंतु दुकानदाराच्या लेखी ही सुटका नसते, विक्री असते. रिकामा झालेला पिंजरा आठवडाभरात पुन्हा भरतो. शिवाय दयेची मुदत जीवाच्या आयुष्यापेक्षा पुष्कळदा कमी असते. रुपयाएवढे दिसणारे लाल कानाचे अमेरिकन कासव मुलाच्या हट्टापायी घरी येते, काही वर्षांत ताटलीएवढे होते, आणि मग एखाद्या संध्याकाळी गावच्या तळ्यात 'मुक्त' केले जाते. तिथे ते स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. करडा पोपट तर 40-50 वर्षे जगतो. पन्नाशीत तो विकत घेणाऱ्याने आपल्या पश्चात त्याचे काय, हे कोणाला विचारलेले असते?

तिसरा युक्तिवाद ज्ञानाचा. लोकांना, विशेषतः मुलांना, प्राणी पाहायला मिळावेत. याच हेतूने जुलै 2016 मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत दक्षिण कोरियातून 8 हंबोल्ट पेंग्विन आणले गेले. मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी भायखळ्याच्या थंड केलेल्या काचघरात आले. ऑक्टोबरमध्ये त्यातली एक मादी मेली. 15 ऑगस्ट 2018 रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरात गेले. पुढे पिल्ले जगली, संख्या वाढली, गर्दीही झाली, हे मान्य. पण त्या काचेपुढे उभे राहिलेल्या मुलाला पेंग्विनच्या समुद्राविषयी काय कळले? त्याला एवढेच कळले, की पैसे असले म्हणजे कोणताही जीव कुठेही आणता येतो. हा धडा संस्थेने दिला, की घराघरांत तोच गिरवला जातो.

आता कायद्याकडे वळू. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांत पारधीही आले. 1952 मध्ये कायदा गेला, लोकांच्या नजरेतला शिक्का गेला नाही. विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांशी मात्र कायदा फार सौजन्याने वागला. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी ऐच्छिक घोषणेची योजना आणली: सहा महिन्यांत माहिती द्या, प्राणी कोठून आणला याची कागदपत्रे मागितली जाणार नाहीत. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले, तेव्हा कुठे हे जीव खऱ्या अर्थाने वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आले. म्हणजे भुकेपोटी फासा लावणाऱ्याला कोठडी, आणि हौसेपोटी फासा लावायला लावणाऱ्याला अभय. आफ्रिकेत पोपट धरणारा तो गरीब माणूस म्हणजे तिथला पारधीच की! त्याच्या फाशाची दोरी मात्र आपल्या दिवाणखान्यापर्यंत येते.

परदेशाचे राहू द्या. आपल्या शेतातले मांडूळ, ज्याला आपण दुतोंड्या म्हणतो, ते बिचारे उंदीर खाऊन शेतकऱ्याचे भले करते. गुप्तधन आणि औषधाच्या खुळ्या समजुतींपायी त्याचे लाखांत सौदे होतात. पकडले जातात ते पिशवी घेऊन फिरणारे. लाख मोजायला निघालेल्या गिऱ्हाइकाचे नाव बातमीत क्वचितच असते.

याच मातीत याला उत्तरही आहे. कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेने अकोला-वाशीम भागातल्या फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि तिथले पक्षी राखण्याचे काम उभे केले. ज्यांच्या हाती फासे होते, तेच राखणदार झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय ते सोडू शकतात, तर आपल्याला एक हौस सोडता येऊ नये?

ज्यांच्या घरी असा जीव आधीच आहे, त्यांनी त्याची रीतसर नोंदणी करावी, त्याला शेवटपर्यंत नीट सांभाळावे, जमत नसेल तर वनखात्याला विचारावे, आणि काही झाले तरी तळ्यात वा रानात सोडू नये. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी आणू नये. मुलांना वन्यजीव दाखवायचेच असतील, तर 2000 साली घोषित झालेले कारंजा-सोहोळचे अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. पहाटे तिथे काळवीट दिसतात. कधी दिसतही नाहीत. जे आपल्या मालकीचे नाही, ते न दिसण्याचीही सवय मुलांना असावी.

स्नेह्यांना हे सारे मी त्या दिवशी बोललो नाही, भीड पडली. हा लेख त्यांना वाचायला देणार आहे.