खेळातली गोष्ट

मैत्रिणींनो, सुट्टीला आलेला मुलगा खोलीचं दार लोटून दिवसभर कॉम्प्युटरवर खेळत बसला, की आपल्या जिवाची कशी तगमग होते हे मी तुम्हाला सांगायला नको. आमचे चिरंजीव नाशिकला शिकतात. यंदा मे महिन्यात जव्हारला आले आणि पहिल्याच दिवशी जेवणावरून आमचं वाजलं. तीन हाका मारल्या, वरण गार झालं, तरी "आई, गोष्ट रंगात आलीय" हेच उत्तर. "खेळात कसली रे गोष्ट? नुसती मारामारी!" असं म्हणून मी दार आपटलं. दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतंच.

तिसऱ्या दिवशी आतून हाक आली, "आई, जरा ये ना गं. इडलीचं अडलंय!"

गेले. 'वेन्बा' नावाचा खेळ होता, 2023 साली कॅनडात तयार झालेला. तामिळनाडूतून कॅनडात जाऊन राहिलेली वेन्बा, तिचा नवरा आणि पुढे झालेला मुलगा, एवढीच मुख्य माणसं. काळ 1988 पासूनचा. वेन्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. उरलेल्या ओळींवरून आपण पदार्थ जमवायचा, की गोष्ट पुढे सरकते. लेकाला इडलीपात्राची ताटं काही रचता येईनात. मी म्हटलं, "अरे, वाटीवर वाटी नको. खालच्या इडलीवर वरच्या ताटाची मोकळी जागा येऊ दे, म्हणजे वाफ फिरेल." त्याने तसं केलं आणि इडल्या झाल्या की हो! त्याच्या त्या यंत्रातलं काहीतरी त्याच्याआधी मला कळलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग मी उठलेच नाही. दीड-दोन तासांचा तर खेळ. परदेशात वाढणारा तो मुलगा आईच्या भाषेपासून हळूहळू लांब जातो. मोठेपणी स्वतः ओट्याशी उभा राहतो, तेव्हा आईची लिपी त्याला धड वाचता येत नाही. आम्ही दोघं गप्प बसून होतो. रात्री अंथरुणं घालताना त्याने हळूच विचारलं, "आई, तुझी ती पदार्थांची वही कुठं असते गं?"

बायांनो, तेव्हा मला माझ्या माहेरचा, मोखाड्याचा बोहाडा आठवला. संबळ वाजतो, सोंगं नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. देवी महिषासुराला मारणार, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी माणसं रात्र जागवतात. का? तर मुखवट्याखाली आपलाच कुणी असतो. ज्याच्या तोंडावर मुखवटा, त्याच्या अंगात गोष्ट भिनते. या खेळांचंही तसंच आहे. सिनेमा आपण समोर बसून पाहतो, इथे मुखवटा आपल्याच तोंडावर. म्हणून मुलाला जेवायची शुद्ध राहात नाही!

पुढे त्याने मला 'राजी' दाखवला. हा आपल्या पुण्याच्या मंडळींनी 2020 साली काढला. राजी ही सर्कशीतली मुलगी. तिच्या भावाला, गोलूला राक्षस पळवतात आणि दुर्गेचा आशीर्वाद घेऊन ती त्याला शोधायला निघते. मधले प्रसंग छाया-बाहुल्यांसारखे दाखवलेत, डोळे निवतात. पण माझं मत विचाराल, तर त्यात लढाया फार. भावासाठी तुटणाऱ्या बहिणीचं मन आणखी उलगडायला हवं होतं. वेन्बाच्या हातात तलवार नाही, डाव आहे, तरी डोळ्यांत पाणी तिनेच आणलं. लेक म्हणाला, "काही खेळांत आपल्या निवडीप्रमाणे शेवट बदलतो." बदलू दे बापडा. मला त्याचं एवढं अप्रूप नाही. बोहाड्याचा शेवट कुठे बदलतो?

याचा अर्थ मुलांना मोकळं सोडा, असा मुळीच नाही. पैसे लावून खेळायचे खेळ घरात नकोतच. तसल्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला. गोष्टीच्या खेळांतही काही फार रक्तपाताचे असतात, तेव्हा कितव्या वर्षापुढच्यांसाठी आहे तो आकडा आधी पाहावा. ऐन प्रसंगात वायर खेचू नये, कादंबरीचं शेवटचं पान कुणी हिसकावलं तर आपल्याला कसं वाटेल? "खेळ जतन करण्याची जागा आली, की ऊठ," असं ठरवून घ्यावं आणि मग मात्र उठवावं. आणि "किती वेळ खेळतोस?" याबरोबर "पुढे काय झालं रे?" हेही विचारून पाहा. आठवड्यातून एकदा पदराला हात पुसत शेजारी जाऊन बसा.

आमची वही सध्या त्याच्याकडे आहे. परवा नाशिकहून फोन आला, "आई, नागलीच्या भाकरीला 'पाणी अंदाजाने' लिहिलंयस. अंदाज म्हणजे किती गं?"

आता हे का वहीत लिहिता येतं? म्हटलं, दिवाळीला ये, हाताला हात लावून शिकवते.