आतली कल्हई

चिंचेने घासलेले पितळेचे पातेले बाहेरून कितीही लखलखत असले, तरी आमटी कळकते की टिकते हे ठरते आतल्या कल्हईवर. कथलाचा तो थर कागदापेक्षाही पातळ. पण घरातल्या माणसांचे पोट त्याच्यावर सोपवलेले असे. आमच्या पिढीला ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. कल्हईवाला गेला आणि तिच्यासोबत एक साधे शहाणपणही गेले की काय, अशी शंका मला हल्ली वेगवान मोटारींविषयीच्या तरुणांच्या गप्पा ऐकताना येते.

माझे आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात आणि उरलेले कादंबऱ्या लिहिण्यात गेले. मोटारीचे इंजिन हा माझा प्रांत नव्हे. पण कोणताही धंदा आतून कसा चालतो हे पाहण्याची खोड जात नाही. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा थांबतो आणि उलट फिरतो. डोक्यावर आग, अंगाला घर्षण. म्हणून जोरकस इंजिन बांधणारे लोक पिस्टनच्या माथ्याला उष्णता अडवणारा सिरॅमिकचा लेप देतात, बाजूंना ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा, निसरडा लेप देतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर झिजेला दाद न देणारा कठीण थर चढवतात.

या थराची किमया बघायची तर १९७३ सालची पोर्शे कॅरेरा आरएस पाहावी. तिच्या आधीच्या इंजिनात सिलिंडरला बिडाचे अस्तर होते. ते काढून अॅल्युमिनियमवरच निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप दिला. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे आपला धार लावायचा कार्बोरंडम. अस्तराची जागा वाचली, सिलिंडरचा व्यास ८४ मिलिमीटरवरून ९० झाला आणि २.४ लिटरचे इंजिन २.७ लिटरचे झाले. जर्मनीच्या माले कंपनीचा हा निकासिल लेप. २०१३ साली आलेल्या, आपल्या चाकणला तयार झालेल्या केटीएम ३९० ड्यूकच्या सिलिंडरलाही तोच मिळाला. शर्यतीच्या मैदानातली विद्या अशी गल्लीपर्यंत येते.

पण दुसरी बाजूही खतावणीत मांडलीच पाहिजे. १९७० साली अमेरिकेत आलेल्या शेव्हरले व्हेगाने सिलिंडरला अस्तरच ठेवले नाही. भिंत सिलिकॉनमिश्रित अॅल्युमिनियमची आणि लोहाचा मुलामा उलट पिस्टनला. कल्पना चतुर होती; पण इंजिन तापू लागले, तेल पिऊ लागले आणि गाडीचे नाव खराब झाले. नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यू आणि जग्वारच्या काही इंजिनांतला निकासिल पेट्रोलमधल्या गंधकाने खाल्ला. लेप वाईट नव्हता. पुढे कुठले पेट्रोल मिळेल याचा विचार अपुरा पडला होता.

उष्णतेचा ताळेबंद तर याहून मजेदार. जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते. बाकीची थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुरातून जाते. मग आतून सिरॅमिक लावून उष्णता कोंडली तर? अमेरिकेत कमिन्स कंपनीने लष्करासाठी सत्तर-ऐंशीच्या दशकांत असे डिझेल इंजिन करून पाहिले. वाचलेली बरीचशी उष्णता धुराड्यातूनच निघून गेली. शिवाय तापलेल्या भिंतींमुळे आत येणारी हवाही तापून विरळ होऊ लागली. एका खात्यातली बचत दुसऱ्या खात्यात खर्ची पडली. टोयोटाने २०१५ साली आपल्या डिझेल पिस्टनवर वेगळा लेप आणला. तो चटकन तापतो आणि तितक्याच चटकन निवतो. धरून ठेवण्यापेक्षा वेळेवर सोडण्यात शहाणपण होते, हे उमगायला काही दशके लागली.

एवढे सगळे सांगायचे कारण असे, की आज कितीतरी घरांतला मुलगा आईवडिलांपुढे इंजिन ‘तयार’ करून घेण्याचा हट्ट धरतो आणि रक्कम लाखांत सांगतो. वडील विचारतात, ताकद किती वाढेल? कर्जाच्या अर्जातही सगळे नफ्याचाच आकडा आधी सांगत. मी मोजमापाच्या नोंदी मागत असे. इथेही तेच विचारावे. लेप देण्यापूर्वी पिस्टन आणि सिलिंडर मोजले का? लेपाची जाडी, केसाहून बारीक का असेना, मोकळिकीच्या हिशेबात धरली का? भाग नीट स्वच्छ केले का? कारण मळावर चढलेला थर सुटतो आणि पापुद्र्यांचे खरकागद होऊन साऱ्या इंजिनात फिरतो. शिवाय वाकडा दांडा कोणताही लेप सरळ करीत नाही आणि चुकीच्या वेळी पडणारी ठिणगी कोणताही सिरॅमिक क्षमा करीत नाही. अशा इंजिनावर बसून आपलाच मुलगा महामार्गावर जाणार असतो.

निसानच्या जीटी-आर मोटारीच्या सिलिंडरला प्लाझ्माने फवारलेला धातूचा थर असे. २००७ ते २०२५ या काळात तिची इंजिने मोजके निष्णात कारागीर हाताने जुळवीत. एक इंजिन, एक माणूस. आणि पुढेपुढे इंजिनावर त्या माणसाच्या नावाची पट्टीही बसवू लागले. आतला थर गिऱ्हाईक कधीच पाहणार नाही, म्हणून बाहेर नाव. आपल्याकडच्या कार्यशाळांनी लेपाची विद्या जरूर आणावी. पण ती आणताना मोजमापाची वही आणि तिच्याखालची सहीही आणावी. जे उघडून पाहता येत नाही, त्याला कोणीतरी नावानिशी जामीन राहावेच लागते.